लोकरीची कसर

थंडी पडूं लागली म्हणजे पेटींतून लोकरीची बंडी काढावी, तों तिजवर ठिकठिकाणीं बारीक भोंकें दिसावीं, हा अनुभव पुष्कळांस येतो. मग सायंकाळीं दिव्याभोंवतीं घिरट्या घालणाऱ्या पांखरांवर आपला राग निघतो. परंतु खरा अपराधी त्या मेळाव्यांत बहुधा नसतो. त्यास अंधार प्रिय.

हा एक चिमुकला पतंग होय. १८२३ सालीं हमेल नामक कीटकशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. टिनेओला बिसेलिएला हें त्याचें शास्त्रीय नांव. पसरलेल्या पंखांची रुंदी ९ ते १६ मिलिमीटर, म्हणजे सुमारें अर्धा इंच भरते. पुढील पंख गव्हाच्या वाळलेल्या काडीप्रमाणें पिंवळसर व तकतकीत असून त्यांजवर ठिपका नसतो. मागील पंख फिकट असून त्यांच्या कडेस लांब केंसांची झालर असते. माथ्यावर तांबूस केंसांचा झुबका असतो. ही त्याची ठळक खूण. पुस्तकांस लागणारी रुपेरी कसर ती निराळी. तिला पंख मुळींच नसतात.

आश्चर्य हें कीं, या पतंगास कांहींच खातां येत नाहीं. त्याचें तोंड खुरटलेलें असतें. नुकसान करते ती त्याची अळी. मादी कपड्याच्या घड्यांत ४०-५० अंडीं घालते. उबेंत तीं ४ ते १० दिवसांत फुटतात. आंतून निघणारी पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी रेशमासारखा धागा कांतते व त्याच्या आडोशास राहून लोकर कुरतडते. लोकर, केंस व पिसें हीं केराटिन नामक चिवट द्रव्याचीं बनलेलीं असतात. तें पचविण्याचें सामर्थ्य फारच थोड्या प्राण्यांस आहे; या अळीस तें आहे. स्वच्छ सुती कापडाच्या वाटेस ती सहसा जात नाहीं. घामाचे व तेलाचे डाग पडलेली लोकर मात्र तिला विशेष आवडते.

म्हणून लोकरीचे कपडे धुऊन ठेवावे, अधूनमधून झटकून उन्हांत घालावे. प्रकाश व हालचाल या दोन्ही गोष्टी कसरीस सोसत नाहींत. रोज अंगावर घेतलेल्या घोंगडीस ती क्वचितच लागते. वर्षानुवर्षें जपून ठेविलेल्या शालीस लागते.

डोंगरावरील प्रवचनांत पृथ्वीवरील संपत्तीचा नाश करणाऱ्यांमध्यें कसरीचा उल्लेख आला आहे, तो किती यथार्थ आहे! आपणांस लहान झालेली बंडी पेटींत राहिली तर अळीच्या मुखीं पडेल. थंडीनें कुडकुडणाऱ्या एखाद्या मुलाच्या अंगावर ती अधिक सुरक्षित राहील.