मुखवट्यामागे बाबाच होता : हॅलोविन आणि तीन वर्षांची मुलं

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोललेलंच आहे, फक्त माझे ‘अं... अं...’ काढून टाकलेत.

आजचा विषय एका व्हिडिओमुळे सुचला. तो व्हिडिओ मीच काढला होता, आणि नंतर मीच डिलीट केला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी न्यू जर्सीला ताईकडे होते. तिकडे महिनाभर आधीपासून घरांसमोर सजावट सुरू होते. भोपळे, कोळ्यांची जाळी, हिरवळीतून बाहेर येणारे प्लास्टिकचे हात. होम डेपोने २०२० मध्ये १२ फुटी सांगाडा विकायला आणला, तेव्हापासून तर दुमजली घराच्या खिडकीत डोकावणारे सांगाडे दिसतात. माझी भाची तेव्हा सव्वातीन वर्षांची. मला वाटलं, ही घाबरणार. छे! ती सांगाड्यांना रोज टाटा करायची.

मग एका संध्याकाळी जिजूंनी गंमत म्हणून लांडग्याचा रबरी मुखवटा चढवला आणि हॉलमध्ये आले. शर्ट तोच, चप्पल तीच, आवाज तोच. “अगं, मी बाबा आहे!” असं म्हणतसुद्धा होते. भाची अशी किंचाळली की विचारू नका. शू झाली तिला. आणि मी हसत हसत शूटिंग करत होते. मुखवटा लगेच काढला, तरी पुढचे चार दिवस ती बाबाजवळ झोपेना. तो ऑफिसमधून आला की आईच्या मागे लपून आधी त्याचा चेहरा निरखायची.

माझं डोकं तिथेच अडकलं. बारा फुटी सांगाड्याला टाटा, आणि स्वतःच्या बाबाला बघून ही अवस्था?

याचं उत्तर एका मांजराकडे आहे. मांजराचं नाव मेनार्ड. १९६९ मध्ये ऱ्हिटा डी व्हरीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी मेनार्डशी खेळू दिलं, हात फिरवू दिला. मग मांजराचं तोंड पडद्याआड नेऊन त्यावर हुबेहूब कुत्र्याचा मुखवटा चढवला. महत्त्वाचं म्हणजे मांजराची मागची बाजू आणि शेपूट मुलांना पूर्ण वेळ दिसत होती. पडदा बाजूला केला आणि विचारलं, आता हा कोण आहे? भुंकू शकेल का?

सहा वर्षांची बहुतेक मुलं म्हणाली, मांजरच आहे, मुखवटा घातलाय. तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या लेखी मात्र तो कुत्रा झाला होता. म्हणजे नुसता दिसत नव्हता, *झाला* होता.

आता हे माझ्या भाचीला लावून बघा. आपल्याला दिसला मुखवटा घातलेला बाबा. तिला दिसलं की बाबा होता तो लांडगा झाला. आणि लांडगा बाबाच्या आवाजात बोलतोय, हे तर आणखी भयानक! सांगाडा बिचारा पहिल्यापासून सांगाडाच होता. तो कुणाचा काही झाला नव्हता.

जोअॅन कँटर या संशोधक बाईंनी मुलं टीव्हीवर कशाला घाबरतात यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनाही असंच दिसलं. ‘द इनक्रेडिबल हल्क’ ही जुनी मालिका आठवतेय का? हल्क चांगल्या बाजूचा, लोकांना वाचवणारा. पण शाळेत न जाणारी पोरं त्याला जाम घाबरायची, कारण साधा माणूस डोळ्यांदेखत हिरवा राक्षस व्हायचा. लहान वयात दिसणं हेच सगळं असतं, आतला माणूस चांगला की वाईट हे नंतर. मोठ्या मुलांचं उलटं होतं. ती राक्षसाला हसतात, पण घरात चोर शिरेल का, अपघात होईल का, अशा खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींना घाबरतात. त्यांना समजावून सांगितलेलं पटतंही. तीन वर्षांच्या मुलाला मात्र “ते खरं नाहीये गं” म्हणून फार उपयोग होत नाही. खरं आणि खोटं यातली रेघच अजून पुसट असते, आणि आपण त्या रेघेचा हवाला देतो.

मग काय करायचं? फ्रेड रॉजर्स नावाचे अमेरिकेतले मुलांचे लाडके टीव्हीवाले होते. १९७५ मध्ये त्यांनी मार्गारेट हॅमिल्टन यांना कार्यक्रमात बोलावलं. या बाई म्हणजे १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ओझ’मधली दुष्ट चेटकीण, जिला बघून पिढ्यान्‌पिढ्या मुलं रडली. आल्या साध्या कपड्यांत, हसऱ्या आजीसारख्या. मग मुलांसमोर चेटकिणीचा एकेक कपडा अंगावर चढवला. शेवटी टोपी. मधला एकही टप्पा लपवला नाही.

आम्ही हेच केलं. मुखवटा दोन दिवस जमिनीवर, भाचीच्या खेळण्यांत पडू दिला. आधी तिने पायाने ढकलला. मग त्यात बोट घातलं. मग टेडीला घातला. शेवटी “बाबा, तू घाल,” म्हणाली, आणि अर्धाच चढवल्यावर “काढ!” असा हुकूम. घाल, काढ, घाल, काढ, वीसेक वेळा. जिजू घामाघूम. पण त्या रात्री ती बाबाजवळ झोपली.

तर हॅलोविन लहान मुलांसाठी जास्तच भीतीदायक आहे का? माझं मत सांगते. सण म्हणून नाही. आयर्लंडकडच्या लोकांनी अमेरिकेत नेलेला हा ३१ ऑक्टोबरचा प्रकार बहुतांशी चॉकलेट गोळा करण्याचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना उजेड असताना न्या, आपल्या माणसांचे चेहरे उघडे ठेवा, मूल ‘घरी चल’ म्हणालं की वळा. हॉन्टेड हाउस वगैरे या वयात नकोच. भीतीने झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. (जाता जाता : पालकांना तिकडे भीती वाटते ती चॉकलेटमधल्या विषाची. खरा धोका अंधारातल्या गाड्यांचा आहे. १९७५ ते २०१६ च्या नोंदींवरून निघालं की त्या संध्याकाळी पादचारी मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतो. मुखवट्यातून नीट दिसतही नाही, हे आणखी एक.)

आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्येही आता हॅलोविन पार्ट्या होतात म्हणून “आपल्या मुलांना हे कशाला?” म्हणणाऱ्यांना एक विचारू? “जेव, नाहीतर बागुलबुवा येईल,” हे कोण म्हणतं? तिकडचं भूत निदान हातावर चॉकलेट ठेवून जातं. आपला बुवा भाजी संपेपर्यंत दाराबाहेर उभा असतो, आणि त्याचा मुखवटा कुणी कधी काढून दाखवत नाही. मी स्वतः बारा वर्षांची होईपर्यंत माळ्याकडे बघत नव्हते.

या वर्षी भाचीला भोपळा व्हायचंय. बाबाने काय व्हायचं, हेही तिने फोनवर मला सांगितलं : “बाबा बाबाच होणार.”

तुम्हाला लहानपणी कशाने घाबरवायचे, व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात.