अमालफी येथील कागद, कांसें व नक्कल

इटलीच्या दक्षिणेस, सालेर्नोच्या आखाताच्या कांठीं अमालफी हें लहानसें नगर आहे. प्रवासी तेथें समुद्र पाहण्यास जातात. जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकानें मात्र समुद्राकडे पाठ करून डोंगराची वाट धरावी. नगरामागील अरुंद दरींत ओढ्याच्या पाण्यावर चिंध्या कुटून कागद करीत असत. त्यांपैकीं एका जुन्या कारखान्यांत आज कागदाचें संग्रहालय आहे.

या कागदावर राजसत्तेचा विश्वास नव्हता. सन १२३१ मध्यें सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें मेल्फी येथें जे कायदे प्रसिद्ध केले, त्यांत सार्वजनिक दस्तऐवज चर्मपत्रावरच लिहावे असा निर्बंध आहे. नेपल्स, अमालफी व सोरेंतो येथील लेखकांची दुर्बोध लिपिही त्यानें बंद करून, तींतील लेख दोन वर्षांच्या आंत सुवाच्य लिपींत उतरविण्यास फर्माविलें. पत्र जीर्ण होईल व अक्षर कोणास लागणार नाहीं, हीं दोन भयें यामागें होतीं.

वर डोंगरावर रवेल्लो येथील देवालयाच्या कांस्यद्वारांवर ११७९ हें वर्ष अद्यापि वाचतां येतें. उलट, अमालफीच्या ६६ कलमांच्या सागरी नियमावलीचा मूळ लेख उपलब्ध नाहीं. तिची उत्तरकालीन नक्कल सन १८४३ मध्यें व्हिएन्ना येथें उजेडांत आली, व सन १९२९ मध्यें ती स्वस्थानीं परतली.

तात्पर्य, द्वारलेखास धातूनें तारलें, नियमावलीस नकलनविसानें. आपल्या संग्रहांतील पत्रें कांशाचीं नाहींत. तेव्हां त्यांच्या नकला करविण्याचें काम लांबणीवर टाकूं नये.