दोन फुटांच्या टाकीतले भांडखोर पाहुणे

उजनी धरणाचे नाव तुम्ही भूगोलात वाचले असेलच. भीमा नदीवरच्या या धरणाचे पाणी पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांबरोबर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यालाही टेकते. या पाण्यात चिलापी नावाचा मासा भरपूर सापडतो. बाजारात तो इतका ओळखीचा झालाय, की इथलाच वाटतो. पण छे! त्याचे खरे नाव तिलापिया आणि मूळ घर आफ्रिका. तळ्यात वाढवून खाण्यासाठी १९५२ साली तो भारतात आणला गेला.

चिलापीच्या कुळाचे नाव सिक्लिड. शोभेच्या माशांच्या दुकानात पिवळेजर्द, निळेशार ‘आफ्रिकन सिक्लिड’ दिसतात ना, ते याच चिलापीचे चुलतभाऊ. रंग बघून आपण हट्ट धरतो, चार मासे घरी येतात. आठवडाभर सगळे ठीक असते. मग त्यातला एक इतरांचे पंख कुरतडू लागतो. बाकीचे कोपऱ्यात दबून बसतात आणि एका सकाळी एखादा मासा मरून तरंगताना दिसतो. “काय दुष्ट मासा आहे!” असे घरातले म्हणतात.

तो खरेच दुष्ट असतो का? आधी चिलापीचेच बघा. नर तळाच्या मातीत खड्डा खणतो आणि राखण करतो. मादी तिथे अंडी घालते, ती तोंडात उचलते आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळते. खड्डा हातचा गेला, तर नराचा संसारच बुडाला! म्हणून तो जिवाच्या आकांताने भांडतो.

दुकानातले बरेचसे रंगीत सिक्लिड मूळचे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. हे सरोवर सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्यात सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. काठच्या खडकांत राहणाऱ्या जातींना ‘म्बुना’ म्हणतात. खडकावरचे शेवाळ खरवडून खायचे आणि आपल्या कपारीत कुणाला शिरू द्यायचे नाही, असा त्यांचा खाक्या. तिथे हरलेला मासा दोन-चार हात लांब पळतो, की भांडण मिटले. काचेच्या टाकीत मात्र पळणार कुठे? तो पुन्हा पुन्हा समोर येतो आणि पुन्हा पुन्हा मार खातो.

आता थोडे गणित करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे २ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. म्हणजे झाले जेमतेम ५६ लिटर. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत मावते सुमारे २५० लिटर. म्बुना हाताच्या पंजाएवढे वाढतात. त्यांना निदान ही मोठी टाकी हवीच. घरात दोन फुटांचीच टाकी असेल, तर गप्पी पाळा. आपल्याकडच्या बोअरचे जड पाणीही गप्पींना मानवते.

मोठी टाकी असेल, तर एवढे जरूर करा :

• मासे आणण्याआधी काही आठवडे पाणी आणि फिल्टर चालू ठेवा. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू तेवढ्यात वाढतात.

• दगड आधी टाकीच्या तळावर पक्के बसवा, मग वाळू घाला. हे मासे वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवला, तर तो घसरून काच फुटेल.

• माशांपेक्षा कपारी जास्त हव्यात. समोरचा दिसला नाही, की भांडण कमी होते.

• दोनच मासे ठेवू नका. दुबळ्यावरच सगळा मार बसतो. एका नराबरोबर तीन-चार माद्या बऱ्या.

• नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदला. मग जुन्यांनाही नवे घर शोधावे लागते आणि दादागिरी थंडावते.

• म्बुनांना शेवाळयुक्त खाद्य द्या. मांसाहारी खाद्याने त्यांचे पोट फुगते.

• दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवा.

पंख फाटलेला मासा पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात तरंगताना दिसला, तर वाट बघू नका. त्याला लगेच वेगळ्या टाकीत ठेवा.

आणि हो, मासे नकोसे झाले म्हणून विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडायचे नाहीत. तळ्यासाठी आणलेली चिलापी आज नद्या-धरणांत पसरली आहे. देशी माशांच्या खाद्यात आणि जागेत ती वाटेकरी झाली. आता तिला परत पाठवता येत नाही. तेव्हा आई-बाबांबरोबर दुकानात गेलात, की पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा : हा मासा केवढा वाढतो? आणि भांडू लागला, तर परत घ्याल का?