चौदा शब्दांची गोष्ट

२०२४ ची दिवाळी मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट गावी माझ्या आतेबहिणीकडे केली. कॉलेजला सुट्टी लागली तशी निघाले आणि पोहोचले ती थेट ताईच्या स्वयंपाकघरात. ओट्यावर चकलीचा सोऱ्या, परातीत भिजवलेली भाजणी, आणि जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड सरकारी पुस्तिका. मला वाटले, आयकराचे काही असेल.

"अगं, मतदानाचं पुस्तक आहे ते," ताई म्हणाली. "इथे नुसता अध्यक्ष निवडून भागत नाही. यंदा दहा प्रस्तावांवरही मत द्यायचंय. घरोघरी हे पुस्तक येतं. प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूने काय, विरुद्ध काय, 'होय' म्हटलं तर काय होईल, 'नाही' म्हटलं तर काय होईल, सगळं लिहिलेलं असतं."

मी पाने चाळू लागले. तिसऱ्या क्रमांकाच्या प्रस्तावापाशी येताच ताईने पिठाचे हात पदराला पुसले आणि पानावर बोट ठेवले.

"यावर मी सोळा वर्षांपूर्वी एकदा मत दिलंय," ती म्हणाली, आणि पुन्हा सोऱ्याकडे वळली.

तो विषय होता समलिंगी विवाहाचा. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना परस्परांशी कायद्याने लग्न करता यावे की नाही, असा तो प्रश्न. आपल्याकडे अशा विषयाची चर्चा दिवाणखान्यात सहसा होत नाही. झालीच तर मुले झोपल्यावर. पण तेथे सबंध राज्याने त्यावर मत दिले होते, आणि तेही एकदा नव्हे. ती हकीकत मी पुढे आठवडाभर ताईकडून, भावोजींकडून ऐकली आणि बरीचशी वाचूनही काढली. वाचकांनाही ती रुचेल असे वाटते.

प्रथम तेथील रीत सांगते. कॅलिफोर्नियाला स्वतःची वेगळी घटना आहे, आणि १९११ पासून तेथील मतदारांना कायदा स्वतः मांडण्याचा अधिकार आहे. मसुदा लिहायचा, राज्यभर हिंडून सह्या गोळा करायच्या, आणि पुरेशा सह्या मिळाल्या की तो प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. घटना बदलायची असेल, तर मागल्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जितकी मते पडली त्यांच्या आठ टक्के सह्या लागतात. मग निम्म्याहून एक मत जास्त पडले, की घटना बदलली! आपल्या संसदेत घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश मते लागतात हे आठवले, म्हणजे या सोप्या वाटेचे नवल वाटते.

२००० साली तेथील मतदारांनी एक कायदा केला. तो इंग्रजीत अवघ्या चौदा शब्दांचा होता. कॅलिफोर्नियात फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच विवाह ग्राह्य किंवा मान्य धरला जाईल, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला. न्यायाधीशांनी आधार घेतला तो १९४८ सालच्या त्याच न्यायालयाच्या एका निकालाचा. गोऱ्या व्यक्तीने काळ्या व्यक्तीशी लग्न करू नये असा कायदा त्या राज्यात होता. तो १९४८ च्या निकालाने मोडला होता, आणि तोही चार विरुद्ध तीन मतांनीच!

१६ जून २००८ च्या संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात पहिले लग्न लागले ते डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघींचे. एक ८७ वर्षांची, दुसरी ८३ वर्षांची. १९५३ पासून दोघींनी एकत्र संसार केलेला. २००४ साली महापौरांनी आपल्या अधिकारात अशा जोडप्यांना परवाने दिले होते, तेव्हाही पहिला मान यांचाच होता. पण सहा महिन्यांत न्यायालयाने ते सारे विवाह रद्द ठरवले. म्हणून या दोघींना त्याच नगरभवनात पुन्हा उभे राहावे लागले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, २७ ऑगस्टला, मार्टिनबाई वारल्या.

तोवर विरोधकांनी तेच चौदा शब्द आता घटनेतच घालण्यासाठी सह्या जमवल्या होत्या. हाच प्रस्ताव क्रमांक आठ. दोन्ही पक्षांनी मिळून आठ कोटी डॉलरांहून अधिक खर्च केला. यात एक गंमत होती, आणि भाषेच्या माणसाला ती विशेष जाणवते. या प्रस्तावाला 'होय' म्हणणे म्हणजे त्या लग्नांना 'नाही' म्हणणे. मत देताना होकाराचा अर्थ नकार आणि नकाराचा अर्थ होकार!

ताई तेव्हा नुकतीच तेथील नागरिक झाली होती. आयुष्यातले अमेरिकेतले पहिलेच मत. तिचा मात्र 'होय' आणि 'नाही'चा घोटाळा झाला नव्हता. तिने समजून उमजून 'होय' म्हटले.

"तेव्हा टीव्हीवर रोज जाहिराती," ती सांगत होती. "आता शाळेत लहान मुलांना हेच शिकवणार म्हणून. माझी धाकटी दुसरीत होती. शिवाय मला वाटायचं, लग्न म्हणजे संस्कार. सप्तपदी, कन्यादान, सगळं आलं त्यात. राहू देत की त्यांना एकत्र, कोण नको म्हणतंय? पण त्याला लग्न कशाला म्हणायचं?"

आणि शेजारच्या घरात कोण राहत होते? दोन बायका. एक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, दुसरी परिचारिका. त्यांनी त्याच जुलैत लग्न केले होते आणि केकचा तुकडा ताईकडे स्वतः आणून दिला होता. २००८ ची दिवाळी मतदानाच्या आठवडाभर आधी आली. ताईने नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवला, आणि ४ नोव्हेंबरला जाऊन मत दिले.

त्या रात्री ओबामा निवडून आले. कॅलिफोर्नियाने त्यांना भरभरून मते दिली. आणि त्याच मतदारांनी प्रस्ताव आठही मंजूर केला. बाजूने सत्तर लाख, विरुद्ध चौसष्ट लाख. शंभरातले बावन्न एकीकडे आणि अठ्ठेचाळीस दुसरीकडे.

दोन दिवसांनी शेजारची शिक्षिका डबा परत करायला आली. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे ताईनेच तिला कधी तरी सांगितले होते. डब्यात तिच्या झाडाची लिंबे होती. जाताना दारात थांबून तिने विचारले, "आमचं झालेलं लग्न राहील का गं? तुला काही कळलंय?"

"मला काही बोलता येईना," ताई म्हणाली. "तिला काय माहीत, मी काय केलंय ते! मी आपली म्हटलं, राहील, राहील. आणि ती लिंबं आठ दिवस टोपलीत तशीच पडून होती. सरबताला हात जाईना."

जून ते नोव्हेंबर या काळात अशी सुमारे अठरा हजार लग्ने लागली होती. ती राहणार की जाणार, हे कळायला २६ मे २००९ उजाडला. न्यायालयाने प्रस्ताव वैध ठरवला. पण झालेली लग्नेही कायम ठेवली. म्हणजे एकाच रस्त्यावर एका जोडप्याचे लग्न ग्राह्य, आणि दुसऱ्याला उशीर झाला म्हणून तो मार्गच बंद!

येथे भावोजींनी तोंड घातले. ते वकील नाहीत, पण वाद उत्तम घालतात. "सत्तर लाख लोकांनी ठरवलेलं खरं, की चार न्यायाधीशांनी ठरवलेलं? मग लोकशाही कशाला म्हणायची?"

प्रश्न सोपा नाही, आणि त्याची टिंगल करूनही चालणार नाही. मला मात्र महर्षी कर्व्यांची आठवण झाली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कायद्याने तो विवाह १८५६ पासूनच वैध होता. तरी मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या वेळी गावात मत घेतले असते, तर किती हात वर झाले असते? अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावरील मृत बंदी घटनेतून काढण्यासाठी २००० साली, होय, २००० साली मत घेतले, तेव्हाही शंभरातल्या चाळिसांनी 'नाही' म्हटले! चार जणांना आपसांत ठरवता येईल असे पुष्कळ असते. पण शेजाऱ्याचे लग्न हे मोजणीचे काम आहे का, अशी शंका येते.

दुसरी गोष्ट शब्दाची. कॅलिफोर्नियात अशा जोडप्यांना 'नोंदणीकृत सहचर' म्हणून पतिपत्नीचे जवळजवळ सारे हक्क राज्याच्या कायद्याने २००५ पासून होते. तेव्हा भांडण उरले होते ते एका शब्दाचे. मग एवढा आटापिटा का? ताईला मी म्हटले, "तू संस्कार म्हणतेस. पण 'विवाह' या शब्दाचा धात्वर्थ वाहून नेणे. वधूला घरी वाहून न्यायचे, तो विवाह. आता कोण वाहून नेते? 'लग्न' म्हणजे मुळात जोडलेले, लागलेले. त्यावरून मुहूर्त, आणि मुहूर्तावरून हा सोहळा. शब्द माणसांबरोबर चालत आलेत, ताई. ते काही थांबून राहिले नाहीत."

"एवढं शिकलेली असतीस तर तेव्हाच फोन करून सांगायचं होतंस," ताई म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

पुढची हकीकत थोडक्यात. २०१० साली संघराज्याच्या न्यायालयाने प्रस्ताव आठ घटनाबाह्य ठरवला. तो खटला लढवणारे दोन वकील, टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉइज, २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या खटल्यात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले; येथे मात्र एका बाजूला! जून २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील ग्राह्य धरले नाही, आणि लग्ने पुन्हा सुरू झाली. २६ जून २०१५ ला साऱ्या देशातच ती वैध ठरली. पण ते चौदा शब्द कॅलिफोर्नियाच्या घटनेत तसेच राहिले. निष्प्राण, तरी छापलेले. २०२२ मध्ये गर्भपाताचा पन्नास वर्षांचा हक्क न्यायालयाने काढून घेतला. त्या वेळी एका न्यायमूर्तींनी २०१५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा असे लिहिले, तेव्हा लोक जागे झाले. उद्या वरचा निकाल फिरला, तर खालचे मेलेले शब्द उठून बसायचे! म्हणून प्रस्ताव तीन. ते शब्द काढून टाकण्यासाठी.

आपल्याकडे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला अशा विवाहांना मान्यता देण्याचे नाकारून तो विषय संसदेकडे सोपवला. लोकांचे मत घेण्याची रीत आपल्याकडे नाही. पण मत बनण्याची रीत सगळीकडे सारखीच असावी.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ताईने टपालाने आलेली मतपत्रिका भरायला घेतली. तिसऱ्या प्रस्तावासमोरचा 'होय'चा गोल तिने शाईने नीट भरला. लिफाफ्यावर सही केली.

"बघ," ती म्हणाली, "दोन्ही वेळा मी 'होय'च म्हटलं."

५ नोव्हेंबरला प्रस्ताव मंजूर झाला. बाजूने शंभरात बासष्टांहून अधिक.

शेजारच्या शिक्षिकाबाई आता एकट्याच असतात. परिचारिका तीन वर्षांपूर्वी गेली. मी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ताई फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेली आणि मलाही बरोबर चल म्हणाली. दार उघडल्यावर ताईने डबा त्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन बसली. आणि मग, मला वाटले नव्हते, पण तिने ती सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. लिंबांसकट.

बाई काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी आमच्या अंगणात या रस्त्यावरच्या किती घरांची लिंबं गेली असतील, ते आम्ही मोजलं होतं. तुझं घर धरलं नव्हतं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. बाई उठल्या, मागच्या अंगणात गेल्या, आणि आमच्यासाठी लिंबे तोडून घेऊन आल्या.