फटफटीला तहान लागत नाही

पूर्वी आपल्याकडे लांबचा प्रवास बैलगाडीने होई. उन्हाळ्यात गाडीवान पहाटेच गाडी जुंपी. ऊन चढले की सावलीचे झाड पाहून गाडी सोडी. बैलांना पाणी दाखवी आणि स्वतःही पोटभर पाणी पिई. बैल दमले की माणसाला थांबावेच लागे.

आता घरोघरी फटफटी आली. ती शंभर किलोमीटर पळते, पण पाणी मागत नाही. ती थांबत नाही, म्हणून तिच्यावरचा माणूसही थांबत नाही. इथेच घात होतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. मे महिना होता. आमचा पुतण्या जळगावाहून सिल्लोडला लग्नाला निघाला. दुपारचे बारा वाजले होते. निघताना त्याने कपभर चहा घेतला, तेवढाच. आम्ही पाण्याची बाटली पुढे केली, तर म्हणाला, "काका, दोन तासांचा तर रस्ता. वाटेत पिईन की."

वाटेत गाडी कुठेच थांबली नाही. पहूरच्या पुढे त्याचे डोके ठणकू लागले. फर्दापूरजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तो तिथेच मटकन बसला. एका टपरीवाल्याने त्याला सावलीत नेले, अंगावर पाणी मारले, लिंबाचे सरबत पाजले. अर्ध्या तासाने पोरगा माणसात आला. फर्दापूर सोडले की अजिंठ्याचा घाट लागतो. हीच अंधारी घाटातल्या वळणावर आली असती तर? हा विचार आला की आजही आमच्या पोटात गोळा येतो.

नंतर तो म्हणाला, "काका, मला तर घामही आला नव्हता. सदरा अगदी कोरडा होता."

मंडळी, खरी मेख इथेच आहे.

घाम येतो, पण दिसत नाही

ओले धोतर दोरीवर वाळत घाला. वारा नसेल तर वाळायला वेळ लागतो. वारा असेल तर बघता बघता वाळते. फटफटीवर तसेच होते. घाम सुटतोच, पण वारा तो लगेच उडवून नेतो. अंग कोरडे राहते. आपल्याला वाटते, घाम नाही, मग पाणी कशाला? पण अंगातले पाणी जातच असते. कडक उन्हात तासाला अर्धा लिटर, कधी कधी एक लिटरही जाते. घरी आल्यावर सदऱ्यावर पांढरे डाग दिसतात ना? ते मिठाचे. पाणी उडून गेले, मीठ मागे राहिले.

दुसरी गोष्ट अशी. आपल्या अंगाची उष्णता सुमारे 37 अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वाऱ्याने बरे वाटते. पण खानदेशात, विदर्भात मे महिन्यात पारा 43 ते 45 अंशांवर जातो. तेव्हा वारा म्हणजे भट्टीची झळच. तो अंगातली उष्णता नेत नाही, उलट भर घालतो. मग अंग थंड ठेवायला एकट्या घामाचाच आधार उरतो. घामाला पाणी लागते. अंगातले पाणी घटले की घाम कमी पडतो आणि अंग तापू लागते. डोके जड होते. लक्ष उडते. ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होतो. रस्त्यावर तो एक क्षणच महाग पडतो.

तहानेची वाट पाहू नका

तहान लागते तोवर अंगातले पाणी बरेच घटलेले असते. म्हणून घड्याळ पाहून पाणी प्यावे. निघण्याआधी अर्ध्या तासाने दोन पेले पाणी घ्या. मग दर तासाला सावलीत गाडी उभी करा आणि दोन-तीन पेले पाणी घोट घोट प्या. एकदम तांब्याभर ढोसू नका. मागे बायको-मुले बसली असतील, तर त्यांनाही पाजा. मूल मागत नाही म्हणून त्याला तहान नाही, असे समजू नका.

पाणी पुरेसे आहे की नाही, हे लघवी सांगते. ती फिकी असेल तर ठीक. गडद पिवळी झाली, किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर अंगात पाणी कमी आहे.

लांबच्या प्रवासात नुसते पाणी पुरत नाही. घामाबरोबर मीठही जाते. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत चांगले. दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी जवळ ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ढवळा. मीठ जास्त घालू नका.

या साध्या पाण्याला कमी लेखू नका. 1971 साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आपल्याकडे आले. बंगालमधील बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून लोकांना पाजले. त्यामुळे असंख्य जीव वाचले. साखर आणि मीठ बरोबर असले की आतडी पाणी लवकर ओढून घेतात.

दारू मात्र शिवूही नका. तिने लघवी जास्त होते, शुद्धही जाते. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे काही लोक म्हणतात. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशातल्या कांद्याने अंगात पाणी येत नाही.

अंग झाका. लांब बाह्यांचा सुती सदरा घाला. मानेला ओले उपरणे गुंडाळा, वर हेल्मेट घाला. बाटलीभोवती ओले फडके बांधा. माठाप्रमाणे पाणी गार राहील. जमेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघा.

ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा आजार आहे, त्यांनी पाणी, मीठ व साखर किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे.

ऊन लागलेच तर

डोके दुखले, मळमळले, पायांत गोळे आले, तर तिथेच थांबा. "गाव जवळ आले" असे म्हणून पुढे रेटू नका. सावलीत बसा, मीठ-साखरेचे पाणी प्या.

अंग भाजत असेल, माणूस बरळत असेल किंवा बेशुद्ध झाला असेल, तर तो उष्माघात. त्यात जीव जातो. लगेच 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ती येईतो कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान आणि काखेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

आमचा पुतण्या आता दर तासाला झाड पाहून गाडी उभी करतो. लोक हसतात. म्हणतात, "गाडी तापली वाटतं?" तो म्हणतो, "गाडी नाही, मी तापलो." मग बाटली काढतो, पाणी पितो आणि पुढे निघतो. पोचायला थोडा उशीर होतो, पण पोरगा घरी पोचतो.