मांसधातूची वृद्धी आणि आपले उत्तरदायित्व

‘अंग भरण्यासाठी एखादे चूर्ण द्या’ अशी मागणी घेऊन व्यायामशाळेत जाणारे तरुण आपल्याकडे नेहमी येतात. मांसधातू वाढतो तो मुख्यतः क्रमाक्रमाने वाढविलेल्या भाराने, हे आपण त्यांना प्रथम सांगावयास हवे. बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने अर्धशक्तीने व्यायाम करावा, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. भारव्यायामातही पूर्ण थकण्यापूर्वी एक-दोन आवर्तने आधी थांबले, तरी स्नायू वाढतात.

आहारातून दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळत असल्यास अधिक पावडरीने विशेष लाभ होत नाही. अश्वगंधेच्या २०१५ मधील आठ आठवड्यांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मूल-अर्क घेणाऱ्यांचे बल अधिक वाढले. मात्र दोन्ही गट भारव्यायाम करीत होते, हे विसरू नये.

काही ‘वजनवर्धक’ चूर्णांत डेक्सामेथासोनची भेसळ आढळली आहे. त्याने मेद व पाणी वाढते, स्नायू मात्र क्षीण होतात. म्हणून घटक व परवाना क्रमांक नसलेला डबा आपण विक्रीस ठेवू नये. असे चूर्ण दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णाचे ते एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते; त्यास त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.