पहाटेचं उभं राहणं

माळशेज घाट चढून नगरकडे निघालं की ओतूर मागे पडतं आणि आळेफाटा यायच्या आत पिंपरी पेंढार लागतं. आज इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा, ऊस, टोमॅटो दिसतो. वाटसरूला वाटावं, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सुखवस्तू असणार. पण कुकडी प्रकल्पाची पाच धरणं (येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे) होण्याआधी जुन्नर-आंबेगावचा हा पट्टा बाजरीचा आणि पावसाची वाट पाहण्याचा होता. घरात दोन भाऊ असले तर एकानं औत धरायचं आणि दुसऱ्यानं वळकटी बांधून मुंबई गाठायची, ही वाटणी कुणी कागदावर लिहिली नव्हती, पण घरोघरी ठरलेली होती. मुंबईनं त्या दुसऱ्या भावाला नाव दिलं ‘घाटी’. त्यानंही ते मुकाट घेतलं.

हा माणूस मुंबईत काय काय झाला? गिरणीत साच्यावर उभा राहिला, मशीद बंदरच्या गोदामात पोती वाहिली, भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलल्या, डोक्यावर जेवणाचे डबे घेतले. त्याच्या कष्टांबद्दल बोलताना आपण नेहमी ओझ्याचं बोलतो. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं ही गोष्ट आहेच तशी. पण त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांशी बोलत बसलं की ओझ्याची तक्रार फारशी निघत नाही. निघते ती गिरणीच्या फाटकाची.

गिरणीत कायम माणसांबरोबर ‘बदली’ कामगार असत. कुणी खाडा केला तर त्याच्या जागी यांची वर्णी. त्यासाठी रोज पाळी सुरू होण्याआधी फाटकाशी हजर राहायचं. मुकादम येणार, नजर फिरवणार, चार जणांना आत घेणार. उरलेल्यांनी डबा तसाच घेऊन खोलीवर परतायचं. मुकादमाच्या हातात भाकरी असल्यावर त्याच्या घरी कोंबडी, तूप, गावाकडचे तांदूळ जाणं आलंच. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्यानं नुसतं उभं राहायचं. धडधाकट गड्याला उभं करून कुणीतरी वरपासून खालपर्यंत न्याहाळावं आणि पुढे निघून जावं, हे माझ्या मते पोत्यापेक्षा जड होतं.

आणि परतायचं तरी कुठं? एका खोलीत गावातले वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जण. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकणार. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशेब महिन्याचा. या बायांही बहुतेक गिरणी कामगारांच्याच घरच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गावाकडच्या बाईसाठी मात्र कुणी मंडळ काढलं नाही. तिचा नवरा म्हणजे मनीऑर्डर, आणि चैत्रातल्या यात्रेला चार दिवस दिसणारा पाहुणा. कित्येकींच्या वाट्याला तो कायमचा परत आला, तेव्हा छातीत कापसाची पूड आणि खोकला घेऊन आला.

हे दुःख एकट्या घाटाचं नाही. आयर्लंडमध्ये 1845पासून बटाट्यावर रोग पडला, काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. पोरगा अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री घरात मयताला बसावं तशी माणसं बसत. तो परत दिसणार नाही, हे धरूनच चाललेलं असे. इंग्लंडात कालवे, रेल्वे, बोगदे, रस्ते खणण्यात आयरिश मजूर मोठ्या संख्येनं होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या कॅमडेन टाउन आणि क्रिकलवुडमध्ये ते पहाटे रस्त्याकडेला उभे राहत. ठेकेदाराची गाडी यायची, हवे तेवढे उचलायची. पुष्कळांची मजुरी रोख, कागदावर नाव नाही. म्हातारपणी कळलं, आयुष्यभर खणलं त्या देशाच्या दप्तरात आपण जेमतेमच आहोत. लालबागचं फाटक आणि क्रिकलवुडचा रस्ता, यांत फरक असलाच तर थंडीचा.

आपल्याकडे हे उभं राहणं थांबवायचे प्रयत्न झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांचं घराणं शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. त्यांनी 1884मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. पण सुट्टी ज्याला काम आहे त्याची. बदलीवाल्याला रोजच सुट्टीची भीती. मुळावर घाव घातला तो 1969च्या माथाडी कायद्यानं. अण्णासाहेब पाटील हे स्वतः हमाली केलेले. त्यांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्यानं हमालाची टोळी माथाडी मंडळाकडे नोंदली गेली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड कापला जाऊ लागला. व्यापाऱ्यानं ‘तू ये, तू नको’ म्हणण्याची सोय संपली. माझ्या लेखी हा महाराष्ट्रातला सर्वांत कमी कौतुक झालेला मोठा कायदा आहे. गंमत अशी की, वाशीच्या बाजारातून कांद्याची पट्टी आली की आमचाच शेतकरी हमाली-तोलाईच्या रकान्यावर बोट ठेवून चिडतो, आणि ती हमाली घेणारा बऱ्याचदा त्याचाच चुलतभाऊ असतो.

डबेवाल्यांनी निराळी वाट काढली. 1890मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या तालुक्यांतली माणसं आली आणि हळूहळू कुणाचे नोकर न राहता भागीदार झाली. साठ-पासष्ट किलोचा हारा डोक्यावर घेतला, पण पहाटे कुणासमोर उभं राहावं लागलं नाही. चैत्रात सगळे मिळून गावच्या यात्रांना रजा घेतात आणि मुंबईला ती रजा मान्य करावी लागते.

गिरण्यांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांसाठी तो संप कधी मिटलाच नाही. माणसं ट्रंका घेऊन गावी आली. ज्यांच्या शिवारात कालव्याचं पाणी पोचलं होतं, ते सावरले. बाकीच्यांची पोरं पुन्हा घाट उतरली.

पाण्यानं मग गणितच उलटलं. कांद्याची लागण, द्राक्षाची छाटणी, टोमॅटोची तोडणी, ऊस: घरच्या माणसांत भागेना. माणसं बाहेरून येऊ लागली. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून, अकोल्यातून ठाकर, महादेव कोळी कुटुंबं येतात. उसासाठी कोयते येतात, मुकादमाची उचल आधीच अंगावर घेऊन. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आपल्या हिशेबात माणसांचं नाव अवजारावरून पडतं. पाचटाच्या कोपीत संसार, आणि त्याच उसात बिबट्याची मादी पिलं घालते. 2024मध्ये पिंपरी पेंढारच्या शिवारात शेतात काम करणाऱ्या बायांचे जीव बिबट्यानं घेतले. जमीनमालकाला ही भीती आहेच, पण रात्री लावायला त्याच्या घराला दार आहे.

स्थलांतरित मजुरांसाठी 1979चा केंद्राचा कायदा होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. अकोल्याहून जुन्नरमधल्या नारायणगावला आलेल्या बाईनं फक्त जिल्हा ओलांडलेला असतो.

नारायणगावच्या एसटी स्टँडच्या परिसरात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. ‘बाजार’ हा शब्द आम्हीच वापरतो, न अडखळता. उघड्यावर रात्र काढलेली कुटुंबं उजाडायच्या आत चहा-भाकर उरकून उभी राहतात. भोवतालच्या गावांतून पिकअप येतात. गाडीवरचा तरुण शेतकरी, ज्याच्या आजोबानं एखाद्या गिरणीच्या फाटकाशी उमर काढलेली असू शकते, काच खाली करून विचारतो, ‘किती जणी? लहान पोर आहे का बरोबर?’ पोर असेल तर मजुरी घासाघीस करून कमी होते, नाहीतर गाडी पुढे सरकते. भाव ठरला की बाया मागच्या हौद्यात चढतात, गाडी धूळ उडवत निघते. उरलेले लगेच उठत नाहीत. ऊन वर येईपर्यंत तिथंच बसतात. एखाद्याचे ठरलेले मजूर आले नाहीत, तर बदली लागते.